संगणकशास्त्रातील संशोधन-पुरस्कार आणि सीमाभागातील विद्यार्थी

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील मेहकर हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. बुलढाणा जिल्ह्यात याच नावाचे तालुक्याचे गाव आहे; त्याच्याशी याची गल्लत होऊ नये. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, तर भालकी, हुमनाबाद व बीदर हे म्हैसूर राज्यात आले. परिणामी येथील अनेक घरांत मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दख्खनी उर्दू आणि उच्च तांत्रिक शिक्षणात इंग्रजी असा चार भाषांचा व्यवहार विद्यार्थ्याच्या वाट्यास येतो. तो त्यास ओझे वाटतो. संगणकशास्त्राच्या संशोधनात हेच ओझे भांडवल ठरू शकते, हे पुढे दिसून येईल.

कलबुर्गी येथील पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ मध्ये, बीदरचे गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय १९८० मध्ये आणि भालकी येथील ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आज भीमण्णा खंड्रे तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते, १९८२ मध्ये स्थापन झाले. त्यामुळे अभियांत्रिकीचे शिक्षण सीमेवरील गावांच्या टप्प्यात आले. संगणक अभियांत्रिकीची पदवी आता या खेड्यांतही नवलाची राहिलेली नाही. परंतु पदवीचा अभ्यास चालू असतानाच विद्यार्थ्याने स्वतंत्र संशोधन करावे, त्यासाठी अर्ज करावा आणि त्याबद्दल त्यास साहाय्य अथवा पुरस्कार मिळावा, अशी व्यवस्था अस्तित्वात आहे, याची वार्ता या भागात फार थोड्यांच्या कानी गेलेली आहे. ज्यांच्या कानी जाते त्यांपैकी कित्येकांना ती मुदत टळल्यावर कळते.

शब्दांचा एक घोटाळा आरंभीच दूर केला पाहिजे. कर्नाटकात ‘पदवीपूर्व’ या शब्दाचा रूढ अर्थ अकरावी व बारावीचे शिक्षण असा आहे. प्रस्तुत लेखात ज्या विद्यार्थ्यांचा विचार केला आहे ते बी. ई., बी. टेक., बी. एस्सी. किंवा बी. सी. ए. च्या वर्गांत शिकणारे, म्हणजे पदवीस्तरावरील विद्यार्थी होत.

विद्यार्थिवेतन आणि संशोधन-पुरस्कार यांतील भेद

ग्रामीण पालकांस विद्यार्थिवेतनाचा अर्ज परिचयाचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेच्या पुस्तकाची प्रत जोडली की तो पूर्ण होतो. राज्यघटनेच्या ३७१ (ञ) या अनुच्छेदान्वये या विभागातील स्थानिकांना शिक्षणात व नोकरीत ज्या राखीव जागा मिळतात, त्यांसाठी लागणारे पात्रता प्रमाणपत्रही आता घरोघरी माहीत झाले आहे. संशोधनाच्या अर्जाचा प्रकार निराळा आहे. तेथे विद्यार्थी कोण आहे यापेक्षा तो काय शोधू इच्छितो, हे विचारले जाते. दाखल्यांची जाडजूड पुरवणी जोडूनही प्रस्ताव रिकामा असेल तर अर्ज टिकत नाही. उलटपक्षी, विचार नेमका असेल तर तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेला अर्ज शहरातल्या अर्जाच्या बरोबरीने वाचला जातो.

कोणकोणती दारे उघडी आहेत

कर्नाटकातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे दार कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे होय. ही परिषद १९७५ मध्ये स्थापन झाली असून तिचे कार्यालय बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आहे. ‘विद्यार्थी प्रकल्प कार्यक्रम’ या नावाने परिषद चार दशकांहून अधिक काळ अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून प्रस्ताव मागवीत आली आहे. तज्ज्ञांच्या छाननीत उतरलेल्या प्रस्तावांना खर्चासाठी मर्यादित साहाय्य मिळते. काम चालू असताना त्याचे परीक्षण होते आणि निवडक प्रकल्प राज्यस्तरीय परिसंवादात व प्रदर्शनात मांडले जातात; उत्कृष्ट ठरलेल्यांस पुरस्कार देण्यात येतात. साहाय्याची रक्कम मोठी नसते. परंतु गावाकडच्या मुलाचे काम राज्यातील तज्ज्ञांच्या डोळ्यांखालून जाते, हा लाभ रकमेत मोजता येण्यासारखा नाही.

दुसरे दार राष्ट्रीय पातळीवरील आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देत आल्या आहेत. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या नामवंत संस्थेतील शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अशीच योजना चालत आली असून तीत संगणकशास्त्राचा अंतर्भाव आहे.

सीमेपलीकडील उदगीर किंवा लातूर येथे शिकणाऱ्या येथील मुलांना महाराष्ट्राची ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा खुली आहे. कुलपतींच्या पुढाकाराने २००६ मध्ये ती सुरू झाली. तीत पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील विद्यार्थी यांचे स्वतंत्र गट असतात. आधी आपल्या विद्यापीठाच्या पातळीवर निवड व्हावी लागते. उदगीर-लातूरकडील महाविद्यालयांपुरते ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होय. मेहकरच्या एकाच घरातला एक मुलगा भालकीत आणि त्याची बहीण उदगिरात शिकत असेल, तर दोघांची वाट वेगळी, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

ज्यांची मुले अमेरिकेत किंवा कॅनडात शिकत आहेत अशा कुटुंबांच्या कानी तेथील कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनचा पदवीस्तरीय संशोधक पुरस्कार येतो. तो उत्तर अमेरिकेतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित आहे, आणि विद्यार्थी स्वतः त्यासाठी परस्पर अर्ज करीत नाही. त्याचा विभाग त्याचे नाव सुचवितो. भारतातून त्याचा अर्ज भरून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्या नादी लागू नये.

पदवीच्या वर्गातील विद्यार्थी काय करू शकतात

‘पोरांच्या हातून कसले संशोधन होणार?’ हा प्रश्न पालकच नव्हे, तर काही वेळा प्राध्यापकही विचारतात. त्याला कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत घडलेल्या हकिगतीने उत्तर मिळते. ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

जी संख्या एक आणि स्वतः ती संख्या यांखेरीज कशानेही निःशेष भागली जात नाही तिला मूळ संख्या म्हणतात, हे सातवीचा विद्यार्थीही जाणतो. ९७ ही मूळ संख्या आहे की नाही, हे हाताने भागाकार करून ठरविता येते. परंतु संख्या शेकडो अंकांची असेल तर भागाकाराच्या मार्गाने संगणकासही युगे लागतील. जलद मार्ग होते. पण कशात चुकीची अल्पशी शक्यता राही, कशाची मदार अद्याप सिद्ध न झालेल्या गृहीतकावर असे, तर कशाचा वेग अंक वाढताच पुरेसा टिकत नसे. जलदही आणि निःसंशयही अशी कसोटी असू शकते की नाही, हा प्रश्न जगभरच्या तज्ज्ञांपुढे होता.

कानपूर येथे प्रा. मणींद्र अग्रवाल व प्रा. सोमनाथ बिस्वास यांनी १९९९ मध्ये या प्रश्नाकडे पाहण्याची एक नवी रीत मांडली. त्या रीतीला धरून २००१ मध्ये प्रशांत पांडे व रजत भट्टाचार्जी या बी. टेक. च्या विद्यार्थ्यांनी आपला अंतिम वर्षाचा प्रकल्प केला आणि त्यातून एक अनुमान पुढे आले. पुढच्या वर्षी नीरज कयाल व नितीन सक्सेना या दोन विद्यार्थ्यांनी तोच धागा आपल्या बी. टेक. प्रकल्पासाठी उचलला आणि ते अनुमान संगणकावर फार मोठ्या संख्यांपर्यंत तपासून पाहिले. एप्रिल २००२ मध्ये त्यांचा अहवाल सादर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अग्रवाल, कयाल व सक्सेना या तिघांनी अवघ्या नऊ पानांचा निबंध जगभरच्या तज्ज्ञांस पाठविला. जलद आणि निःसंशय कसोटी सापडली होती. २००४ मध्ये हे संशोधन गणिताच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्यास गोडेल व फुल्कर्सन हे दोन्ही आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

या हकिगतीतील सर्वांत बोधप्रद बाब सहसा सांगितली जात नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेले ते मूळ अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. ते असत्य असण्याचा संभव आहे, असे काही तज्ज्ञांनी पुढे युक्तिवादाने दाखविले. तरीही त्याच्या पाठलागातच खरी वाट गवसली. एका वर्षाच्या मुलांनी काम जेथे सोडले तेथून पुढच्या वर्षाच्या मुलांनी ते उचलले, हेही येथे लक्षात घ्यावे. आपल्याकडे जुने प्रकल्प-अहवाल विभागाच्या कपाटात बांधून ठेवले जातात आणि नवे विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात.

कानपूरचे यश रोज घडत नाही, आणि ते मनात धरून भालकीच्या विद्यार्थ्याने गणितातला महाप्रश्न हाती घ्यावा, असेही नाही. त्याच्या तोलाचा प्रश्न त्याच्या अंगणात असतो. तो ओळखता आला पाहिजे.

काम आणि संशोधन : एक उदाहरण

मराठी शाळांत एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जाते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला, आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. पहिल्या शब्दातील ‘र’ रफार होऊन वर जातो. दुसऱ्यातील ‘र’ आडव्या रेघेने ‘य’ला जोडला जातो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, ही जोडीही तशीच. भालकी तालुक्याच्या ऊसपट्ट्यात ‘गुऱ्हाळ’ हा शब्द रोजचा आहे. हा आडवा ‘र’ मराठीचे खास वैशिष्ट्य असून हिंदीच्या लेखनात त्याची गरज पडत नाही.

संगणकात प्रत्येक अक्षराला एक संकेतांक असतो. या आडव्या ‘र’साठी मात्र दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्या मार्गात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टंकले जाते. दुसऱ्या मार्गात खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे वेगळे अक्षर व हलन्त वापरतात. गंमत अशी की, हे टिंबाचे अक्षर युनिकोड या सर्वमान्य संकेतावलीत मुळात द्राविडी भाषांतील एक विशिष्ट ‘र’ नागरीत लिहिण्यासाठी नोंदलेले आहे. जुन्या कन्नडमध्येही तसे एक अक्षर होते; आधुनिक कन्नडने ते सोडून दिले. अशा रीतीने मराठीच्या ‘गुऱ्हाळा’स द्राविडी अक्षराची मदत घ्यावी लागली. सीमाभागातील वाचकांस याचे विशेष नवल वाटू नये.

दोन्ही मार्गांनी लिहिलेला शब्द पडद्यावर एकसारखाच दिसतो. परंतु संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. एका रीतीने टंकलेले ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास यादीत असूनही सापडणार नाही. ग्रंथालयाची सूची, मतदारांची यादी, जमिनीच्या नोंदी, जेथे जेथे मराठी नावे शोधावी लागतात तेथे हा अडसर उद्भवू शकतो. नाव न सापडल्यामुळे खिडकीवरून परतणाऱ्या माणसास यामागील कारण कधीच कळत नाही.

आता, एखाद्या विद्यार्थ्याने ‘दोन्ही रीतींचे लेखन एकरूप करणारी आज्ञावली मी तयार करीन’ असा प्रस्ताव लिहिला, तर तो उपयुक्त ठरेल. पण तज्ज्ञ त्यास संशोधन म्हणणार नाहीत. एका संकेतांकाच्या जागी दुसरा ठेवणे, एवढेच ते काम आहे. उत्तर आधीच माहीत आहे.

प्रश्न पुढेच आहे. ज्यांना यांपैकी कोणतीच कळ ठाऊक नसते असे अनेक लोक तिसऱ्याच रीतीने लिहितात : साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’. त्यामुळे ‘दऱ्या’ लिहू पाहणाऱ्याच्या हातून ‘दर्या’ उमटते. हे लेखन चुकीचे आहे काय? लेखकाला समुद्रच म्हणावयाचा असेल तर ते बरोबर आहे. डोंगराविषयी बोलत असेल तर चूक. संगणकाने हे कसे ओळखावे? शेजारच्या शब्दांवरून ओळखता येईल काय? किती शब्दांपर्यंत मागेपुढे पाहावे लागेल? अशा संदिग्ध जोड्या मराठीत किती? येथे उत्तर आधी माहीत नाही, ते तपासून काढावे लागेल, आणि ते चुकले तर चुकले असे दाखविता येईल. संशोधनाचा प्रश्न याला म्हणतात.

असा प्रश्न मांडावयास महागडी यंत्रसामग्री लागत नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा सर्व मजकूर कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतो; त्यातील शब्दांची मोजदाद साध्या संगणकावर होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयांना कर्नाटकात ‘अरिवु केंद्र’ असे नाव देण्यात आले असून जेथे संगणक बसविले आहेत तेथे प्राथमिक काम करता येईल. मजकूर वाचून चूक-बरोबर ठरविण्याच्या कामी शाळेतील मराठीच्या शिक्षकांचे साहाय्य मोलाचे होईल. किंबहुना, या प्रश्नात ते बाई किंवा गुरुजी महानगरातील संगणकतज्ज्ञापेक्षा अधिक अधिकारी आहेत.

या प्रकारचे इतर प्रश्नही शोधता येतील. या भागातील जुने कागद मोडी लिपीत आढळतात. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. परंतु हस्तलिखित मोडी संगणकाने वाचणे ही अवघड बाब आहे. तो संपूर्ण प्रश्न एका वर्षात सुटणारा नाही, पण त्यातील केवळ अंक वाचण्याचा भाग वेगळा काढता येईल. एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि उर्दू शब्द मिसळून बोलणाऱ्यांचे बोलणे यंत्राला कितपत कळते, हाही सीमाभागाचा खास प्रश्न होय.

प्रस्तावाचे लेखन

प्रस्ताव सामान्यतः इंग्रजीत द्यावा लागतो, आणि येथेच ग्रामीण विद्यार्थी कच खातो. तो पुस्तकातील मोठमोठे शब्द गोळा करतो, आणि त्या शब्दांखाली त्याचा स्वतःचा विचार गुदमरतो. यावर उपाय असा की, प्रश्न प्रथम मराठीत, पाच-सहा वाक्यांत लिहून काढावा आणि संगणक न शिकलेल्या एखाद्या शहाण्या माणसास वाचून दाखवावा. त्यास प्रश्न कळला व ‘मग पुढे काय?’ असे त्याने विचारले, तर इंग्रजीत तो मांडणे जड जात नाही. त्यास प्रश्न कळला नाही तर दोष बहुधा ऐकणाऱ्याचा नसतो.

परिषदेच्या प्रस्तावात शीर्षक, विषयाची पार्श्वभूमी, उद्दिष्टे, कार्यपद्धती, अपेक्षित फलित आणि खर्चाचा अंदाज अशी अंगे येतात. यांपैकी पार्श्वभूमी लांबविण्याचा मोह अनेकांस होतो. संगणकाचा इतिहास व माहितीयुगाचे महत्त्व यांवर दीड पान खर्ची पडते. छाननी करणाऱ्या तज्ज्ञास ते सारे ठाऊकच असते. त्याऐवजी या प्रश्नावर आधी कोणी काय केले आणि कोठे थांबले, हे चार वाक्यांत सांगावे. उद्दिष्टे दोन पुरतात. सात उद्दिष्टे लिहिणारा विद्यार्थी एकही पुरे करणार नाही, अशी शंका तज्ज्ञांस येते आणि ती रास्त असते.

कार्यपद्धती हे प्रस्तावाचे हृदय होय. वरील उदाहरणात तेथे असे लिहिता येईल : मराठी विकिपीडियातून ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ असलेले सर्व शब्द वेगळे करण्यात येतील, त्यांतून दोन्ही अर्थ संभवणारे शब्द निवडले जातील, त्यांपैकी पाचशे वाक्ये दोन शिक्षक एकमेकांशी चर्चा न करता स्वतंत्रपणे तपासतील, त्या निर्णयांशी आज्ञावलीचे निर्णय ताडून किती ठिकाणी चूक झाली हे मोजले जाईल. दोन शिक्षकांचेच जेथे एकमत होत नाही तेथे यंत्राकडून अचूकतेची अपेक्षा करता येणार नाही. म्हणून ती वाक्ये वेगळी नोंदविली जातील. एवढ्या मजकुरावरून विद्यार्थ्याने काम मनात करून पाहिले आहे, हे वाचणाऱ्यास उमजते. ‘प्रगत तंत्राचा वापर करून अचूक निष्कर्ष काढले जातील’ या वाक्यावरून काहीच उमजत नाही.

अकादमीच्या अधिछात्रवृत्तीच्या अर्जात निवेदनास जागा फार थोडी असते. तेथे प्रस्तावाची सर्व अंगे मांडता येत नाहीत. आपण काय वाचले, काय करून पाहिले आणि कोणता प्रश्न मनात उरला, एवढेच लिहावे. लहानपणापासून संगणकाची आवड असल्याचे नमूद करण्याची गरज नाही.

शिफारस आणि सचोटी

शिफारसपत्र मागण्यासाठी विद्यार्थी बहुधा मुदतीच्या आदल्या दिवशी प्राध्यापकांकडे जातो. मग पत्रात ‘विद्यार्थी मेहनती व सद्वर्तनी आहे’ एवढेच येते. सद्वर्तनाचा दाखला ग्रामपंचायतही देईल. शिफारसपत्रातून विद्यार्थी अडला तेव्हा त्याने काय केले, हे कळले पाहिजे. यासाठी प्राध्यापकांनी त्याला काम करताना पाहिलेले असावे लागते, आणि ते पाहण्यास एक संपूर्ण सत्र तरी हवे. तेव्हा अंतिम वर्षाच्या अर्जाची तयारी तिसऱ्या वर्षी सुरू होते, असे समजावे. विद्यार्थ्याने आपल्या कामाची तारीखवार वही ठेवावी. अयशस्वी प्रयत्नही तीत लिहावेत. पत्र मागताना ती वही सोबत दिल्यास लिहिणाऱ्याचे काम सुकर होते आणि पत्रात जीव येतो.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. मोठ्या शहरांत अंतिम वर्षाचे तयार प्रकल्प अहवालासह विकत मिळतात. पैसे देऊन ते आणले जातात, त्यावर नावे बदलून सादर केले जातात, आणि कित्येकदा सर्वांस ठाऊक असूनही ते स्वीकारले जातात. पदवी पदरात पडते; परंतु अशा प्रकल्पावर संशोधन-पुरस्कारासाठी अर्ज करणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले पीक आपले म्हणून प्रदर्शनात मांडणे होय. परीक्षणाच्या वेळी तज्ज्ञ पहिलाच प्रश्न विचारतात : ‘हीच पद्धत का निवडली?’ विकत घेणाऱ्यापाशी याचे उत्तर नसते. यात खरे नुकसान त्याच वर्गातील दुसऱ्या मुलाचे होते. त्याने स्वतः काम केलेले असते, ते साधे व ओबडधोबड असते, आणि विकतच्या चकचकीत प्रकल्पाशेजारी ते फिके दिसल्याने महाविद्यालयाकडून त्याचा प्रस्ताव पुढेच जात नाही. निवड करणाऱ्या विभागप्रमुखांनी हे मनावर घेण्याची आवश्यकता आहे. आजकाल संगणकच मागणीबरहुकूम लेख लिहून देऊ लागला आहे. त्याची मदत घेतली असल्यास ती कोठे घेतली हे स्पष्ट नमूद करावे, आणि प्रश्न तरी स्वतःचाच असावा.

कागदाचा प्रवास

प्रस्ताव विद्यार्थ्याने लिहिला म्हणजे तो परिषदेकडे पोचला असे होत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांची संमती, विभागप्रमुखांची शिफारस, प्राचार्यांची सही व शिक्का, अशा पायऱ्या त्यास चढाव्या लागतात. प्राचार्य दौऱ्यावर असणे, शिक्का कुलुपात असणे, जत्रेची अथवा सणाची सुटी येणे, या क्षुल्लक बाबींपायी वर्ष वाया जाऊ शकते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यास पुढचे वर्ष नसते. म्हणून शेवटच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस आधी आपली तारीख धरावी आणि कागद कोणाच्या मेजावर आहे याची नम्रपणे चौकशी करीत राहावे. चौकशी करणे हा उद्धटपणा नव्हे.

महाविद्यालयांनीही एका प्राध्यापकाकडे या अर्जांचे काम सोपवावे. परिषदेची आणि अकादमींची जाहिरात, नियम व मुदत दरवर्षी बदलू शकतात. त्यांच्या अधिकृत सूचना पाहून त्या फलकावर लावणे, आणि ‘आविष्कार’सारख्या स्पर्धांचे वेळापत्रक शेजारच्या राज्यात शिकणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत पोचविणे, हे काम एका व्यक्तीचे झाले तरच होते. सर्वांचे असले की कोणाचेच राहत नाही. मेहकरसारख्या गावात ग्रामपंचायतीच्या फलकावर पीकविम्याच्या सूचनेशेजारी अशी एक सूचना लागली, तर तीस जागेची अडचण पडणार नाही.

शिक्षकांसाठी एक माहिती अद्याप सांगावयाची राहिली. अकादमींची उन्हाळी अधिछात्रवृत्ती केवळ विद्यार्थ्यांसाठी नसून महाविद्यालयीन शिक्षकांसाठीही आहे. ज्या प्राध्यापकांनी स्वतः संशोधन करण्याची संधी मिळाली नाही म्हणून विद्यार्थ्यांस मार्गदर्शन करण्यास संकोच वाटतो, त्यांना दोन महिने एखाद्या संशोधन संस्थेत घालविता येतील. ज्या वर्षी विद्यार्थी अर्ज करतो त्याच वर्षी त्याच्या प्राध्यापकांनीही करावा, यास कोणताही प्रत्यवाय नाही.

निवड झाली नाही तर प्रस्तावाची प्रत फेकून देऊ नये. तज्ज्ञांचा अभिप्राय मिळाला असल्यास तो तिला जोडावा, कामाच्या वहीसह ती विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी आणि पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांस दाखवावी. पाचशे वाक्यांपैकी दोनशे तपासून झाली असतील, तर उरलेली तीनशे त्यांनी घ्यावीत.